नावाचा रकाना

सामाजिक संस्थेला लाभार्थींच्या नोंदींचं सॉफ्टवेअर विकायला येणाऱ्याच्या डेमोत एक रमेश पाटील हमखास असतो. त्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव तीन रकान्यांत नीट बसतं. जन्मतारीख त्याला पाठ असते. मोबाईल त्याच्याच खिशात असतो आणि ओटीपी आला की तो लगेच वाचून दाखवतो. पडद्यावर त्याची नोंद चुटकीसरशी होते, विश्वस्त माना डोलावतात, थोडी घासाघीस होते आणि वर्षाचे पैसे भरले जातात.

मग सोमवारी सोलापुरात सात रस्त्यावर बसमधून उतरून नरसम्मा संस्थेत येते.

समजा, ती शहराच्या पूर्व भागात विड्या वळणारी. घरात तेलुगू, बाहेर मराठी. आधार कार्डावर तिच्या नावाचं एक स्पेलिंग, भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावर दुसरं, आणि रेशनकार्डावर कुणीतरी 'नरसव्वा' करून ठेवलेलं. मराठी, तेलुगू, कानडी, उर्दू एकाच गल्लीत ऐकू येणाऱ्या या शहरात त्याचं कुणालाच नवल नाही. यंत्राच्या लेखी मात्र या तीन वेगळ्या बायका. जन्मतारखेचंही तेच. महाराष्ट्रातल्या कित्येकांचा वाढदिवस गुरुजींनी शाळेत नाव घालताना १ जूनवर नेऊन ठेवला आहे. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांच्या वाट्याला १ जानेवारी येते. म्हणजे नाव आणि जन्मतारीख जुळवून दुबार नोंद पकडणारं सॉफ्टवेअर इथे एकीला तीन करतं आणि तिघींना एक. राहिला मोबाईल. तो घरात एकच, मुलाकडे, आणि मुलगा यंत्रमागावर दिवसपाळीला. त्या खडखडाटात ओटीपीची टिंग त्याला ऐकू येणार कशी?

नोंदी भरणारी कार्यकर्ती यावर वाद घालत बसत नाही. ती कपाटातली वही काढते. नरसम्माक्कांचं काम वहीवर होतं, आणि महिनाअखेरीला देणगीदाराला अहवाल पाठवायची वेळ आली की सॉफ्टवेअरचे रकाने अंदाजाने भरले जातात. पैसे सॉफ्टवेअरचे गेले, विश्वास वहीवर राहिला. विश्वस्तांच्या बैठकीत याला 'कर्मचाऱ्यांचा तंत्रज्ञानाला विरोध' असं म्हणतात, आणि प्रशिक्षण ठेवतात. मला वाटतं, प्रशिक्षण निवड करणाऱ्यांना द्यायला हवं. प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पोटात एक माणूस गृहीत धरलेला असतो. तो आपल्या दारात येणाऱ्या माणसाशी जुळतो का, हे किमतीच्या आधी पाहायचं.

उपाय फार महागही नाही. संस्थेनं स्वतःचा अनुक्रमांक द्यावा, तो छोट्या कार्डावर लिहून हातात ठेवावा. नाव ती सांगेल तसं एका रकान्यात अखंड घ्यावं, आणि शेजारी 'आणखी कसं लिहिलं जातं' असा एक रकाना ठेवावा. शोधताना दोन्हींत शोधता यावं. मोबाईलसमोर 'फोन कुणाकडे असतो' हे विचारावं. एवढं साध्या स्प्रेडशीटमध्ये जमतं. वस्तीत फिरून, नेटवर्क नसताना नोंदी घ्यायच्या असतील तर कोबोटूलबॉक्ससारखं मुक्त साधन आहे. पुढे मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर भरायची वेळ आली की तो दुसरा रकानाच कामाला येतो, कारण तिथे नाव कागदाबरहुकूम लागतं.

ओळख पटवायची म्हणून सरसकट आधार क्रमांक मागण्याचा मोह मात्र आवरावा. सप्टेंबर २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार कायद्यातला खासगी वापराचा मार्ग बंद केला, आणि २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही आला. कायदा बाजूला ठेवला तरी, कार्यालयातल्या ज्या संगणकाचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला आहे, त्यात शेकडो बायकांचे बारा-बारा आकडे साठवून ठेवणं शहाणपणाचं नाही. देणगीदारांची गोष्ट वेगळी. त्यांना देणगीवर करसवलत मिळायची तर प्राप्तिकर खात्याला द्यायच्या विवरणात त्यांचा ओळख क्रमांक भरावाच लागतो. देणारा आणि घेणारा या दोघांना एकाच फॉर्ममधून ढकलणाऱ्या संस्था ही गल्लत करतात.

नाव आत गेलं, आता ते बाहेर येतं का? महाराष्ट्रातल्या जुन्या संस्थांना हा प्रश्न नवा नसावा. श्रीलिपी, कृतिदेव अशा फॉण्टांत टाइप केलेल्या लाभार्थींच्या याद्या आज दुसऱ्या संगणकावर उघडल्या की रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. माणसं तीच, नोंदी तिथेच, पण वाचायला तो फॉण्ट हवा, नाहीतर कन्व्हर्टर. युनिकोडने हा घोळ बराच निस्तरला, सगळा नाही. नव्या सॉफ्टवेअरमधून काढलेली सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली तर अजूनही कधीकधी मराठीच्या जागी भलतीच चिन्हं उमटतात. दोष बहुधा फाइल उघडण्याच्या पद्धतीचा असतो, पण संध्याकाळी सहा वाजता अहवाल पाठवायला बसलेल्या बाईला ते कोण सांगणार?

म्हणून पुढच्या वेळी डेमोला वहीतली दहा नावं घेऊन बसावं. सोपी नकोत, लग्नानंतर नाव बदललेली, आडनाव नसलेली, एकाच घरात सासू-सुनेची सारखी असलेली. ती आपल्याच कार्यकर्तीला भरायला लावावी, विक्रेत्याला नाही. मग त्यातली तीन बदलायला सांगावीत, आणि सगळी यादी बाहेर काढून तिच्याच संगणकावर उघडून पाहावी. याला तासभर पुरतो. एखादा विक्रेता म्हणेल, ही सोय पुढच्या आवृत्तीत येणार आहे. मग पैसेही पुढच्या आवृत्तीत द्यावेत.