दया पुरेशी आहे काय?

वृद्धाश्रमातील माणसाला हक्क कशाला हवेत, दया असली म्हणजे झाले, असे पुष्कळांना वाटते. आम्हांस हा विचार अपुरा वाटतो. दया देणाऱ्याच्या मनःस्थितीवर अवलंबून असते. दिवसभर राबून थकलेली सेविका रात्री हाक ऐकूनही उठत नाही. म्हातारी ओल्या अंथरुणात पडून राहते. आणि सकाळी जेवण वाढणारी तीच, म्हणून कोणाजवळ बोलतही नाही.

अमेरिकेत असे प्रकार उघडकीस आल्यावर १९८७ साली कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शुश्रूषागृहांनी शिस्तीसाठी किंवा स्वतःच्या सोयीसाठी रहिवाशाला बांधून वा औषधाने गुंगवून ठेवू नये, तक्रार केल्याबद्दल सूड उगवू नये, असे त्यात आहे. आपल्याकडील २००७ चा कायदा आईवडिलांना मुलांकडून निर्वाहखर्च मागण्याचा अधिकार देतो. सांभाळणाऱ्याने वृद्धाला कायमचे टाकून दिल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. वृद्ध स्वतः असमर्थ असेल तर निर्वाहखर्चाचा अर्ज त्याने अधिकार दिलेली दुसरी व्यक्ती वा संस्थाही करू शकते.

ही शेवटची तरतूद आम्हांस मोलाची वाटते. दुर्बळाच्या हक्काला दुसऱ्याचा आवाज लागतो. तेव्हा महिन्याची फी भरली म्हणजे आपले कर्तव्य संपले असे समजू नये. न कळवता जावे, जवळ बसावे, सुकलेले ओठ आणि मनगटावरचे वळ पाहावेत, आणि विचारावे. ज्याची विचारपूस करणारा कोणी आहे, त्याचाच हक्क जिवंत राहतो.