पायपेटीवरील सोनाटा : निष्ठेचा एक प्रश्न

काही वर्षांपूर्वी दौंडमधील एका लहानशा प्रार्थनामंदिरात मेंडेल्सनची सहावी ऑर्गन-सोनाटा ऐकण्याचा योग आला. वाद्य होते पायपेटी. आपल्या संगीत नाटकाने ज्याला 'ऑर्गन' म्हटले, तेच. वादक शिरूरचा, माझा जुना विद्यार्थी. त्या वादनातून उभा राहिलेला प्रश्न केवळ संगीतापुरता नाही, म्हणून तो येथे मांडतो.

नळ्यांच्या ऑर्गनवर वादकाचे पाय स्वर वाजवतात. पायांखालच्या पट्ट्यांवर खर्जाची एक स्वतंत्र ओळ चालते. पायपेटीत पाय भाता चालवतात. म्हणजे संहितेतील एक संपूर्ण आवाज ज्यांनी उच्चारायचा, तेच अवयव येथे वाद्याला श्वास पुरवण्यात गुंतलेले. खर्ज डाव्या हाताकडे सोपवला की मधला एखादा आवाज गळतो. या सोनाटात फ्यूग आहे. तेथे आवाज गाळणे म्हणजे नाटकातील पात्र गाळणेच होय.

नेल्सन गुडमन यांच्या 'लँग्वेजेस ऑफ आर्ट' (१९६८) या ग्रंथातील भूमिकेनुसार एक स्वर जरी चुकला, तरी तो प्रयोग त्या कृतीचा ठरत नाही. (आपल्या मैफलीत हा निकष कोणी गंभीरपणे घेणार नाही.) परंतु वाद्यच नाही, म्हणून सारे क्षम्य, ही उलट भूमिका मला अधिक धोक्याची वाटते. १८४५ साली या सहा सोनाटा प्रसिद्ध करताना मेंडेल्सनने स्टॉपांची निवड प्रस्तावनेत बरीचशी वादकाच्या विवेकावर सोपवली, कारण प्रत्येक ऑर्गनची प्रकृती वेगळी. सोपवला तो नादाचा रंग. खर्जाची ओळ नव्हे.

देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंजारराव' (१८९०) केला, तेव्हा बदललेले नाव हीच रूपांतराची कबुली होती. माझ्या विद्यार्थ्याने मात्र मूळ नावच जाहीर केले. ज्याला मूळ ठाऊक आहे त्याच्यापुढे गाळलेले लपत नाही. ज्याला ठाऊक नाही तो सर्वस्वी प्रयोगकर्त्याच्या भरवशावर असतो. दौंडचे बहुतेक श्रोते दुसऱ्या प्रकारचे होते.

हे मी बोलून दाखवले, तेव्हा तो म्हणाला, "सर, आधी सांगितलं असतं तर लोकांनी फक्त उणीवच ऐकली असती." हा युक्तिवाद मला अद्याप पुरता खोडता आलेला नाही. सांगावयास हवे होते, एवढे मी धरून आहे. कदाचित वादनापूर्वी नव्हे, नंतर.

शेवटच्या संथ भागात त्याला फारसे काही गाळावे लागले नाही. तेथे भात्याचा श्वास स्पष्ट ऐकू येत होता. तो मेंडेल्सनच्या संहितेत नाही, आणि तोही त्याने लपवला नाही.