वातायन

टोरांटोजवळ राहणारा भाचा फोनवर म्हणाला, "मामा, जरा नंतर बोलतो, फर्नेस साफ करायला माणसं आलीत." मी मनातल्या मनात फर्नेसची भट्टी केली आणि डोळ्यांपुढे पाववाला आला, लोहार आला, खरं सांगायचं तर हातभट्टीही आली. त्याची भट्टी तळघरात असते. ती गॅसवर हवा तापवते, पत्र्याच्या नळांतून खोल्याखोल्यांत पाठवते आणि निवलेली हवा दुसऱ्या नळांनी परत ओढून घेते. खिडक्या महिनोन् महिने बंद. घर आपलाच श्वास पुन्हा पुन्हा घेत राहतं, आणि त्या श्वासातलं पीठ, केस, गालिचाचे धागे नळांच्या वळणावळणांवर बसतात.

जयनगरात बसून हे ऐकताना मला आधी जरा मिजासच वाटली. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरहून उंच. इथे भट्टी लागत नाही आणि पूर्वी कित्येक घरांत पंखाही लागत नसे. शेजारच्या बसवनगुडीचा विस्तार 1898 च्या प्लेगनंतर झपाट्याने झाला तो मोकळ्या हवेसाठी. जयनगरची आखणी 1948 सालची. इथल्या जुन्या बैठ्या घरांत खिडकीच्या वर, छताच्या जरा खाली, हातभर रुंदीची झडप असते. तापलेली हवा वर चढते, तिथून निघून जाते, खालच्या खिडकीतून गार हवा आत येते. यंत्र नाही, वीज नाही, बिल नाही.

संस्कृतात खिडकीला वातायन म्हणतात, म्हणजे वाऱ्याची वाट. गवाक्ष म्हणजे गाईबैलाचा डोळा. एका नावात घर श्वास घेतं, दुसऱ्यात बघतं. कन्नडमध्ये अशा झरोक्याला बेळकिंडी असाही शब्द आहे, 'बेळकु' म्हणजे उजेड. त्यातली किंडी ऐकली की मला आपली खिंड आठवते. आता ती जुनी घरं एकेक करून पडताहेत आणि त्यांच्या जागी आमच्यासारख्यांचे चार मजले उभे राहताहेत. आमच्या इमारतीत वाऱ्याची वाट या पदवीला उरलेली एकच जागा आहे, तिला सगळे 'डक्ट' म्हणतात. दोन बाथरूमांच्या मधली ती अंधारी विहीर. तिच्यात सांडपाण्याचे पाइप आहेत, चार घरांचे एक्झॉस्ट पंखे आहेत आणि पिढीजात कबुतरं आहेत. भाच्याच्या डक्टमधून घरात हवा येते. आमच्या डक्टमध्ये आम्ही घरातली हवा टाकतो आणि खिडकी घट्ट लावून घेतो.

एप्रिल 2016 मध्ये शहराचा पारा 39.2 अंशांवर गेला. त्यानंतर आमच्याकडे एसी आला. स्वयंपाकघरात चिमणी आधीच होती. चिमणी! एकेकाळी हा शब्द अंगणातल्या पाखराचा होता, मग रॉकेलच्या दिव्याचा झाला, आता ओट्यावरच्या स्टीलच्या खोक्याचा आहे.

आयुधपूजेच्या आधी दोन दिवस तिची साफसफाई करणारा मुलगा आला. त्याने जाळ्या काढून कॉस्टिक सोड्याच्या कढत पाण्यात टाकल्या. तेलाची वाटी उपडी केली. मग आतला पंखा काढून मला दाखवला. पाती दिसतच नव्हती, त्यांच्यामध्ये तपकिरी, मधासारखं चिकट काहीतरी गच्च बसलं होतं. "गाळी होगल्ला," तो म्हणाला, हवा जात नाही. कन्नडमध्ये गाळी म्हणजे हवा. आतून निघाला तो मात्र अस्सल मराठी गाळ.

त्या गाळाकडे मी बराच वेळ बघत राहिलो. तीन वर्षांच्या फोडण्या होत्या त्यात. आजीच्या स्वयंपाकघरात धूर समोर दिसायचा. डोळ्यांत जायचा, आढ्याला जळमटं धरायची, दसऱ्याआधी लांब काठीला झाडू बांधून ती काढली जायची. ती बाई त्या धुरात खोकली, त्यामुळे तिच्या चुलीचं मी कौतुक करणार नाही. पण आपण किती धूर केला याचा हिशेब तिच्या भिंतीवर मांडलेला असे. आमचा हिशेब पाइपच्या घड्यांत लपलेला, दुसऱ्या कुणी उघडून दाखवावा लागतो.

आणि तो दुसरा कोण, हेही जुनंच दुखणं. लंडनच्या धुराड्यांत लहान पोरं चढवत. अंगावर बसणाऱ्या काजळीमुळे त्यांना पुढे वृषणकोशाच्या त्वचेचा कर्करोग होतो, हे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी 1775 साली लिहून ठेवलं. प्रथा मोडायला 1875 उजाडलं. नावं ठेवायला जावं तर आपली गटारं आठवतात. 2013 चा बंदीचा कायदा आहे, तरी माणसं त्यांत उतरतात.

एसीही आत्ताच करून घ्या, दर तीन महिन्यांनी करा, असा आग्रह झाला, तेव्हा मला स्वात्माराम आठवला. पंधराव्या शतकातल्या त्याच्या 'हठप्रदीपिके'त धौती-नेतीसारखी षट्कर्मं आहेत, शरीरातल्या वाटा धुण्याची. नाड्या मळाने भरल्या असतील तर वारा मधल्या मार्गाने जात नाही, असं तो सांगतो. पण पुढे हेही सांगतो की ज्याच्या अंगी मेद आणि कफ जास्त आहे त्यानेच हे आधी करावं, ज्याचे दोष समतोल आहेत त्याने करू नये. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था घरातल्या डक्टबद्दल जवळजवळ हेच म्हणते. ते साफ केल्याने आजार टळतात हे सिद्ध झालेलं नाही. बुरशी धरली असेल, उंदीर-किडे शिरले असतील, धुळीने नळ तुंबले असतील तर करा, उगाच रिवाज म्हणून नको. भाच्याला मी हे कळवलं. त्याने अंगठा पाठवला.

एसीची जाळी मी स्वतःच नळाखाली धुतली.

चिमणीचा पाइप बाहेर जातो तो स्वयंपाकघराच्या जुन्या झडपेतून. सुताराने तिची काच काढून तिथेच पाइप घुसवला होता. मुलाने तो ओढून काढला, अंगणात आपटायला घेऊन गेला, आणि भिंतीत वीतभर भोक उघडं राहिलं. बाहेर पाऊस येऊ घातला होता. ओल्या मातीचा वास आत आला, मागोमाग शेजारच्या कॉफीचा, कुणाकडे तरी उकळणाऱ्या सारूचा. भिंतीवरचं कॅलेंडर हललं. बायको पदराला हात पुसत आली आणि त्या भोकाखाली नुसती उभी राहिली.

अर्ध्या तासाने तो परतला. त्याने पाइप बसवला आणि कडेच्या फटीवर चंदेरी टेप चारी बाजूंनी दाबून चिकटवली.