खेळायचे वय

असरची नमाज झाली की देऊळघाटात पैनगंगेच्या काठी पोरांचे क्रिकेट रंगते. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा चेंडू माझ्या पायाशी आला. तो परत फेकण्याऐवजी मी बॅट मागितली आणि दोन-चार चेंडू टोलवले. पोरे खूश झाली. रस्त्याने जाणारे एक शेजारी मात्र थांबून म्हणाले, "मास्टरसाब, ये उम्र है क्या खेलने की?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजीच होती. मी ओशाळून बॅट परत केली. घरी येताना प्रश्न पडला, मला नेमकी लाज कशाची वाटली?

खेळणे सोडले की माणूस मोठा झाला, असे आपण धरून चालतो. मिसरूड फुटली की मुलाची विटीदांडू सुटते. मुलीची लंगडी तर त्याही आधी थांबते. पुढे जन्मभर तिच्या अंगाला हालचाल मिळते ती फक्त कामाची. काम हाच व्यायाम, असे आपण म्हणतो. पण कामामागे हिशेब असतो, कुणाची तरी नजर असते. खेळ माणूस स्वखुशीने खेळतो. मनाचा ताण सैल होतो तो त्या स्वखुशीने.

यावर धर्माचा दाखला दिला जातो. दुनियेचे जीवन खेळ-तमाशा आहे, असे कुरआनात आले आहे; मग मोमिनाने खेळावे कसे? पण सूरह हदीदमधील ती आयत पूर्ण वाचावी. तिथे खेळाबरोबर थाटमाट, एकमेकांपुढे मिरवणे आणि धन-संततीची चढाओढ हीही नावे आहेत. ती आयत ऐकून आपण लग्नातला थाटमाट सोडला नाही, पैशाची चढाओढ सोडली नाही. सोडला तो फक्त खेळ! सर्वांत निरुपद्रवी गोष्ट टाकून दिली आणि तिलाच परहेजगारी समजलो.

हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर होती तेवढी जबाबदारी आपल्यापैकी कुणावर आहे? तरी प्रवासात ते हजरत आयेशा (र.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावत, असे अबू दाऊदच्या संग्रहात नमूद आहे. पहिल्यांदा हजरत आयेशा जिंकल्या. पुढे त्यांचे अंग भरले, तेव्हा प्रेषित जिंकले आणि ही त्या हारीची फेड झाली, असे म्हणाले. ही शर्यत नवरा-बायकोची होती, हे आपण सोयीने विसरतो. बायकोने धावणे आपल्या मोहल्ल्यात बेअदबी ठरते, ती या सुन्नतीत बसते का?

हजरत हंजला (र.) यांची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. प्रेषितांच्या सहवासात आखिरत डोळ्यांसमोर दिसते, घरी बायको-मुलांत रमलो की विसर पडतो. मी ढोंगी तर झालो नाही ना, अशी भीती त्यांना वाटली. त्यांना मिळालेल्या उत्तराचा आशय असा, की एक वेळ याची असते, एक वेळ त्याची.

आपल्या वऱ्हाडातही मोठ्यांच्या खेळाला एके काळी इज्जत होती. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली निघाले आणि त्याच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ करून दाखवले. त्या पथकाला कुणी पोरकट म्हटले नाही.

पण एक सावधगिरी हवी. शेतकरी आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांचे पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांना मिळाले, त्यांत आपला बुलढाणा होता. कर्ज खेळून फिटत नाही, कपाशीला भाव खेळून मिळत नाही. अडलेल्या माणसाला 'हसत राहा, खेळत राहा' सांगणे म्हणजे त्याच्या दुःखाचा दोष त्याच्याच माथी मारणे होय. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवली. तीही औषधाच्या गोळीसारखी मोजून घेतली, तर तिचेच ओझे होईल.

मग खेळाचा उपयोग काय? खचलेला माणूस बहुधा आधी चारचौघांत येणे सोडतो. रोज संध्याकाळी दहा जण खेळायला जमत असतील, तर अकरावा चार दिवस आला नाही हे कुणाच्या तरी लक्षात येते. कुणीतरी त्याचे दार ठोठावते. पैशाची बाजी लावून मोबाईलवर चालतो तो जुगार. तो हराम आहेच, शिवाय तो माणसाला आणखी एकटे पाडतो. मैदानावर मात्र माणसाला माणूस भेटतो.

आता मी आठवड्यातून दोनदा त्या पोरांत जातो. शेजारी अजून खेळत नाहीत, पण परवा बांधावर बसून धावा मोजत होते. माझी खरी चिंता वेगळीच आहे. आम्हा पुरुषांना निदान नदीकाठ तरी आहे. आमच्या घरातल्या बायकांनी धावायचे ठरवले, तर त्यांच्यासाठी गावात जागा कुठे आहे?