निधनवार्तांचें वाचन

सकाळीं वर्तमानपत्र हातीं आलें म्हणजे कोणी बाजारभाव पाहतो, कोणी सामन्याचा निकाल पाहतो, तर कोणी आपल्या राशीचें भविष्य वाचतो. परंतु बहुतेक घरांत एखादें तरी माणूस असें असतें कीं, तें पहिल्या पानावरील मथळ्यांवरून ओझरती नजर फिरवून तडक आंतल्या पानाकडे वळतें, आणि ज्या अरुंद रकान्याच्या माथ्यावर 'निधन' एवढाच शब्द छापलेला असतो, तो रकाना अथपासून इतिपर्यंत वाचून काढतें. अशा माणसांत आमची गणना होते, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. घरांतील तरुण मंडळींस ही संवय चमत्कारिक वाटते. 'सकाळच्या चहाबरोबर गेलेल्या माणसांची यादी कशाला?' हा प्रश्न आम्हांस पुष्कळदां ऐकावा लागला आहे, व त्यास समाधानकारक उत्तर आम्हांस कधींच देतां आलें नाहीं. तें उत्तर शोधून पाहावें, असा या लेखाचा हेतु आहे.

प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाहीं. ज्या घरीं काल आकांत झाला, त्या घरची हकीगत आज आम्ही चहाचा घोट घेत वाचतों, आणि वाचून झाल्यावर पान उलटतों. परक्याच्या मृत्यूची वार्ता अशी आवडीनें वाचणें सुसंस्कृत मनास शोभतें काय? यांत कांहीं तरी निष्ठुरपणा आहे असा आक्षेप कोणी घेतला, तर तो हंसण्यावारीं नेण्याजोगा नाहीं.

इ. स. पूर्वीं पहिल्या शतकांत होऊन गेलेल्या ल्युक्रीशिअस या रोमन कवीनें या वृत्तीचें एक कारण सुचविलें आहे. समुद्रांत वादळ उठलें असतां किनाऱ्यावर उभें राहून दुसऱ्याची धडपड पाहण्यांत एक प्रकारची गोडी असते, असें तो म्हणतो. आणि लागलीच खुलासा करतो कीं, ही गोडी दुसऱ्याच्या दुःखाची नसून, आपण त्या संकटापासून दूर आहों या जाणिवेची आहे. आम्हीं आपलें मन तपासून पाहिलें, तेव्हां या म्हणण्यांत तथ्य आढळलें. नांवाच्या मागोमाग आमची दृष्टि वयाच्या आंकड्यावर जाते. तो ९१ असला म्हणजे जीव निर्धास्त होतो. ३४ असला म्हणजे चुकचुकतो. आणि आमच्या वयाच्या आसपास असला म्हणजे 'अल्पशा आजारानें' हे शब्द आम्ही दोनदां वाचतों. परंतु कवीचा दृष्टान्त येथें पुरा पडत नाहीं. निधनवार्ता वाचणारा किनाऱ्यावर उभा नाहीं. तो त्याच नौकेंत बसला आहे, आणि हें त्यास पक्कें ठाऊक आहे. तेव्हां त्याचा दिलासा रकाना संपेपर्यंतही टिकत नाहीं.

शिवाय केवळ सुटकेचें समाधान हवें असतें, तर कोणत्याही गांवच्या मृत्युवार्ता आम्हांस सारख्याच चालल्या असत्या. पण प्रवासांत परक्या शहराचें पत्र हातीं पडलें, तर आम्ही तो रकाना वाचीत नाहीं. आम्हांस आपल्याच गांवचीं नांवें हवीं असतात. सहा-सात ओळींच्या त्या मजकुरांत गृहस्थ कोणत्या कचेरींतून निवृत्त झाले हें असतें, कोणत्या आळींत राहत हें असतें, आणि शेवटीं 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे, सुना, एक विवाहित कन्या व नातवंडें असा परिवार आहे' हें ठरलेलें वाक्य असतें. ज्या दुकानांत तीस वर्षें आमच्या सायकलीचें पंक्चर निघालें, त्या दुकानदाराचें आडनांव आम्हांस प्रथम येथेंच कळतें. ज्या बाईंना आपण बाजारांत नेहमीं पाहत आलों, त्या आपल्याच एका शाळासोबत्याच्या थोरल्या भगिनी होत्या, हेंही येथेंच कळतें. एरवीं गांव म्हणजे तोंडओळखीच्या माणसांचा नुसता समुदाय; त्यांचीं एकमेकांशीं असलेलीं नातीं हा रकाना उलगडून दाखवितो.

ग्रीक इतिहासकार हिरॉडोटस यानें सांगितलेली एक कथा येथें आठवते. लिडियाचा धनाढ्य राजा क्रीसस यानें अथेन्सचा सोलन आपल्या दरबारीं आला असतां त्यास आपला खजिना दाखविला, आणि जगांत अत्यंत सुखी मनुष्य कोण, असा प्रश्न केला. राजास स्वतःचें नांव ऐकावयाचें होतें. सोलननें टेलस नांवाच्या अथेन्समधील एका नागरिकाचें नांव घेतलें. कारण विचारतां त्यानें सांगितलें कीं, टेलसचें नगर भरभराटींत होतें, त्याचे मुलगे गुणी निघाले, त्या सर्वांचीं मुलें त्यानें डोळ्यांनीं पाहिलीं, आणि शेवटीं नगराच्या रक्षणार्थ लढतां लढतां त्यास मरण आलें. जेथें तो पडला तेथेंच नागरिकांनीं त्याचें सन्मानानें दफन केलें. नगर, व्यवसाय, मुलगे, नातवंडें, अंत्यविधि — आमच्या जिल्हापत्रांतील मजकूर याहून निराळा तो काय असतो? मनुष्याच्या आयुष्याचें मोल कशावरून ठरवावें, या प्रश्नास जें उत्तर सोलननें राजाच्या तोंडावर दिलें, तेंच उत्तर आमच्या गांवचा बातमीदार कांहीं गाजावाजा न करतां रोज देत असतो.

या साध्या ओळींचें सामर्थ्य जगास २०२० सालीं दिसून आलें. इटलींतील बर्गामो शहरीं कोरोनाच्या सांथीनें हाहाकार उडविला असतां, तेथील स्थानिक दैनिकाच्या १३ मार्चच्या अंकांत मृत्युवार्तांचीं दहा पानें भरलीं. एरवीं तेथें एक-दोन पानें पुरत. पुढील वर्षीं एप्रिल-मे महिन्यांत गुजरातेंतील राजकोट, भावनगर येथील दैनिकांचीही तीच गत झाली. मृतांचे आंकडे आम्ही रोज ऐकत होतों व विसरत होतों. ओळीनें लावलेल्या त्या लहान लहान छायाचित्रांवरून मात्र नजर सहजासहजीं पुढें सरकेना. आंकड्यास वय नसतें, आळी नसते, नातवंडें नसतात.

आतां दुसरा आक्षेप. या रकान्यांत सर्वच माणसें मनमिळाऊ, सर्वच परोपकारी, सर्वच धार्मिक वृत्तीचीं असतात. मग हें असत्य नव्हे काय? रावण पडल्यावर त्याची उत्तरक्रिया करण्यास बिभीषण कचरला, तेव्हां मरणाबरोबर वैर संपतें असें सांगून रामचंद्रानें त्यास तें कर्तव्य करावयास लावलें. ती शिकवण आपल्या समाजांत इतकी मुरली आहे कीं, गेलेल्याचे दोष काढणें आपणांस सहन होत नाहीं. आम्हांस वाटतें, या विशेषणांनीं कोणी फसत नाहीं. जाणता वाचक त्यांस नमस्कार-चमत्काराइतकीच किंमत देतो, आणि खरी माहिती काय लिहिलें व काय गाळलें यांवरून काढून घेतो. गाळण्याचा दोष मात्र विशेषणांच्या दोषाहून भारी आहे. कितीतरी स्त्रियांच्या बाबतींत 'अमुक यांच्या त्या मातोश्री होत' येथेंच मजकूर संपतो; साठ वर्षें त्या बाईंनीं काय केलें, याचा पत्ता लागत नाहीं. अमेरिकेंतील 'न्यूयॉर्क टाइम्स'सारख्या पत्रासही ८ मार्च २०१८ रोजीं या उणिवेची जाहीर कबुली देऊन, राहून गेलेल्या स्त्रियांचे मृत्युलेख नव्यानें लिहावयास घ्यावे लागले. १९६९ सालीं निवर्तलेल्या आपल्या मधुबालेचा लेखही त्यांत आला. जिल्हापत्रांतील मातोश्रींस ही दुरुस्ती कोठून मिळावी?

असो. आमच्या मनास या विषयाची खरी टोंचणी लागली ती एका लहानशा प्रसंगानें. आमच्या आळींत एक निवृत्त गृहस्थ राहत. रोज सकाळीं फाटकापाशीं गांठ पडे. 'काय, बरें आहे ना?' असें आम्ही म्हणावें, व त्यांनीं नुसती मान हलवावी, असा क्रम वीसेक वर्षें चालला. गृहस्थ तुसडे आहेत, असें आम्हीं ठरवून टाकलें होतें. एके सकाळीं त्यांचें नांव निधनाच्या रकान्यांत दिसलें. सात ओळींचा मजकूर होता, आणि त्यांत एक ओळ अशी होती कीं, निवृत्तीनंतर ते अंध विद्यार्थ्यांसाठीं पाठ्यपुस्तकें मोठ्यानें वाचून त्यांचें ध्वनिमुद्रण करून देत असत. ज्यांच्या तोंडून आम्हीं दोन वाक्यें सलग ऐकलीं नव्हतीं, त्यांनीं आपला सारा आवाज तेथें खर्ची घातला होता. त्याच काळांत आमच्या वडिलांची दृष्टि गेली होती. दुपारच्या वेळीं त्यांना कोणी ज्ञानेश्वरी वाचून दाखवावी म्हणून आम्ही गांवभर माणूस शोधीत होतों. चार घरांपलीकडे मात्र आम्हीं विचारलें नाहीं. वडील त्या गृहस्थांच्या आधींच गेले.

त्या दिवसापासून या रकान्याच्या ओढीचें कारण आम्हांस थोडेंबहुत उमगलें आहे. शेजारी कोण आहे, त्याचें आयुष्य कशांत गेलें, त्याचा जीव कोणावर होता, हें जाणण्याची इच्छा मनुष्यास स्वभावतःच असते. परंतु जिवंत माणसाशीं ओळख वाढविणें म्हणजे त्याच्या अडीअडचणींत पडणें. त्यास आपला वेळ देणें, आणि प्रसंगीं त्याच्यापाशीं कांहीं मागण्याचा संकोच सोसणें. गेलेला माणूस यांपैकीं कशाचीच अपेक्षा करीत नाहीं. म्हणून त्याच्याविषयीं सहानुभूति बाळगणें सोपें जातें, आणि ती आपण सढळ हातानें देतों. मृत्युवार्ता वाचण्यांत आम्हांस पाप दिसत नाहीं. मात्र वाचनावरच ओळखीची भूक भागवून घेणें हा आळस आहे, व त्याची किंमत कधीं कधीं फार मोठी पडते.

घरांतील तरुण मंडळींस आम्ही इतकेंच उत्तर देऊं शकतों कीं, आम्ही हा रकाना यापुढेंही वाचणार आहों. हल्लीं तो वाचून झाला म्हणजे आळींतील एखाद्या तरी वृद्धाच्या घरीं जाऊन घटकाभर बसण्याचा नियम आम्हीं केला आहे. तो नेहमीं पाळला जातो असें नाहीं. परवां मात्र दाराची घंटा वाजवून एका शेजाऱ्यांस प्रथमच विचारलें कीं, आपण पूर्वीं काय करीत होतां? ते किंचित् चकित झाले. मग त्यांनीं खुर्ची पुढें केली. आम्ही उठलों तेव्हां दिवे लागले होते.