सुपारी घेण्याआधी

चि. सोनूस,


समतेवरचं तुझं गाणं ऐकलं. सॅक्सोफोनचा शेवटचा तुकडा मनात घर करून बसला आहे. गाण्यानं खरंच काही बदलतं का, असं तू विचारलंस आणि अमेरिकेतल्या जॅझवाल्यांचा दाखला दिलास. त्यांची गाणी तुला पाठ आहेत. पण त्यांनी कुठे वाजवायला नकार दिला, हे तुझ्या पत्रात कुठेच आलं नाही. माझ्या मते त्यांची निम्मी लढाई तिथे झाली.

डेव्ह ब्रूबेकचं बघ. गोरा पियानोवादक, देशभर नाव झालेला. त्याच्या चौकडीत बेस वाजवायचा यूजीन राइट, कृष्णवर्णीय. फेब्रुवारी 1958 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या एका कॉलेजनं ऐनवेळी सांगितलं, राइट रंगमंचावर चालणार नाही. ब्रूबेक अडून बसला, तो नाही तर आम्ही कोणीच नाही. शेवटी तडजोड निघाली, राइटनं मागच्या बाजूला उभं राहावं. कार्यक्रम सुरू झाल्यावर ब्रूबेक त्याला म्हणाला, तुझा माइक बिघडलाय, पुढे ये आणि माझ्या माइकवर वाजव. राइट पुढे आला, सगळ्या सभागृहासमोर वाजवू लागला. त्याच वर्षी अमेरिकी सरकारनं ही चौकडी जगाच्या दौऱ्यावर पाठवली. ती आपल्या मुंबईतही आली, आणि सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर ब्रूबेकची बैठक झाली. परदेशात ज्याला देशाची शान म्हणून मिरवलं, त्याच राइटला 1960 मध्ये दक्षिणेतली कॉलेजं पुन्हा नको म्हणाली. बेसवाला गोरा आणा, म्हणाली. ब्रूबेकनं त्या दौऱ्यातल्या बहुतेक सुपाऱ्या सोडल्या. बुडालेली बिदागी थोडीथोडकी नव्हती.

नॉर्मन ग्रांझ तर वाजवणाराही नव्हता, कार्यक्रम भरवणारा होता. काळ्या-गोऱ्यांना वेगळं बसवणार असाल तर कार्यक्रम नाही, हे कलम तो करारातच घालायचा. 1955 मध्ये ह्यूस्टनला त्यानं हे पाळून दाखवलं, तेव्हा पोलीस एला फिट्झजेराल्डच्या मेकअपच्या खोलीत घुसले. तिथे फासे खेळले जात होते, एवढं निमित्त त्यांना पुरलं. एला, डिझी गिलेस्पी आणि इतरांना ठाण्यावर नेलं, आणि तिथे एलाकडे सहीही मागितली! जामिनावर सुटून मंडळी परत आली आणि दुसरा खेळ झाला.

लुई आर्मस्ट्राँगला तरुण वादक गोऱ्यांपुढे हसणारा म्हणून हिणवायचे. तूही ज्येष्ठांबद्दल असं बोलतोस, म्हणून हे नीट वाच. लुइझियानात काळ्या-गोऱ्यांनी एका मंचावर वाजवायला कायद्यानं बंदी आली, तेव्हापासून तो आपल्या जन्मगावी, न्यू ऑर्लीन्सला, वाजवायला गेला नाही. नागरी हक्क कायदा झाल्यावर, 1965 मध्ये गेला. आणि सप्टेंबर 1957 मध्ये, लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुलांना गव्हर्नर फॉबसनं सैनिक लावून अडवलं, तेव्हा आर्मस्ट्राँगनं एका कोवळ्या बातमीदारापुढे फॉबसला आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरलाही खडे बोल सुनावले. सोव्हिएत रशियाच्या सरकारी दौऱ्यावर जाणार नाही, असंही सांगितलं. बातमीदाराच्या संपादकानं खात्री मागितली, तर मजकुराखाली आर्मस्ट्राँगनं सही केली. त्याच्या व्यवस्थापकानं नंतर सारवासारव केली, पण आर्मस्ट्राँग मागे हटला नाही. काही दिवसांनी आयझेनहॉवरनं मुलांच्या रक्षणाला सैन्य पाठवलं. आर्मस्ट्राँगमुळे पाठवलं, असं मी म्हणणार नाही. शिव्या खात शाळेत शिरली ती मुलं, ग्रीन्सबरोच्या दुकानातल्या, फक्त गोऱ्यांसाठीच्या खाण्याच्या काउंटरवर जाऊन बसले ते विद्यार्थी. चळवळ त्यांची होती, वादक त्यांच्या बाजूला उभे राहिले.

गाण्यांनाही किंमत मोजावी लागलीच. झुंडीनं झाडाला लटकवलेल्या माणसांवरचं ‘स्ट्रेंज फ्रूट’ बिली हॉलिडेच्या कोलंबिया कंपनीनं काढायला नकार दिला. तेव्हा 1939 मध्ये ते कमोडोर या छोट्या कंपनीकडून निघालं. चार्ल्स मिंगसच्या फॉबसवरच्या रचनेचेही शब्द कोलंबियानं गाळले. ते शब्द त्यानं 1960 मध्ये दुसऱ्या कंपनीकडे रेकॉर्ड केले.

आता तुझ्याकडे वळतो. गेल्या कार्यक्रमात तुमच्या हलगीवाल्या मुलाचं नाव पोस्टरवर नव्हतं, आणि बाकीचे आत जेवत असताना त्याचं ताट मागच्या अंगणात मांडलं होतं. हे तू पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंस. तुम्ही चौघं आत जेवलात. रागावत नाही, पण समतेचं गाणं त्याच संध्याकाळी तुम्ही म्हटलंत, हे मला सोसवत नाही. पुढची सुपारी घेताना तीन गोष्टी लेखी माग: सगळ्यांची नावं एकाच आकारात, बिदागी ठरल्या वाटणीनं प्रत्येकाच्या हातात, आणि जेवण एका पंगतीत. आयोजक कुरकुरले तर तारीख सोड. पैशाची अडचण झाली तर मला कळव, त्या महिन्याचं हॉलचं भाडं मी देईन. मात्र हे सगळं त्या मुलाला आधी विचारून कर, त्याच्या वतीनं परस्पर ठरवू नकोस. कराराचा मसुदा तयार झाला की पाठव, वकिलीण मामी तो बघून देईल.

तुझा,
मामा