वाऱ्याच्या पोटात

मार्चमधल्या रात्री, नऊच्या सुमारास, दक्षिणेकडे तोंड करून निवांत बसा. अगस्त्य तारा पश्चिमेकडे कललेला असेल. त्याच्या डावीकडे, बराच वर, व्हेला तारकासमूह आहे. तिथला एचडी ७७५८१ हा तारा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, द्विनेत्रीतून दिसतो. द्विनेत्री नसली तरी चालेल. ती जागा मनात धरा.

हा निळसर महाराक्षसी तारा सूर्याच्या सुमारे तीसपट रुंद आहे, आणि तो झिजतो आहे. त्याच्याच प्रकाशाचा रेटा वरचा वायू सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने बाहेर लोटतो. श्वास संथ होऊ द्या आणि हा वारा मनाने न्याहाळा. तो एकसारखा वाहत नाही. कुठे दाट गुठळ्या, कुठे विरळ पोकळ्या.

या वाऱ्यातच एक न्यूट्रॉन तारा फिरतो: व्हेला एक्स-१. साधारण नऊ दिवसांत एक प्रदक्षिणा, २८३ सेकंदांत स्वतःभोवती एक फेरी. वाऱ्याचा जो थोडासा वाटा त्याच्या ओढीत सापडतो, तो त्याच्यावर कोसळतो, कोट्यवधी अंश तापतो आणि क्ष-किरण बाहेर पडतात. दाट वारा पोटात गेला की तो उजळतो. तशीच गुठळी आपल्या आणि त्याच्या मध्ये आली, तर झाकोळतो.

इथे थांबा. मला इथून पुढे जाववत नाही. मोठ्या ताऱ्याचा प्रकाश वाऱ्याला ढकलतो, तो अणूंना चिकटून राहिलेल्या इलेक्ट्रॉनांच्या आधारावर. क्ष-किरण तेच इलेक्ट्रॉन उडवून लावतात. मग प्रकाशाची पकड सुटते, वाऱ्याचा जोर ओसरतो, आणि संथ वारा न्यूट्रॉन ताऱ्याला जास्त सापडतो. घनता तीच राहून सापेक्ष वेग निम्मा झाला, तर हाती लागणारं द्रव्य जवळजवळ आठपट होतं. हे घाईने समजून घेऊ नका. वारा क्ष-किरण पेटवतो, क्ष-किरण वाऱ्याला आवरतात. यात आधी कोण, हे मनात पुन्हा पुन्हा फिरवून पाहा.

आता न्यूट्रॉन ताऱ्याला मोठ्या ताऱ्याआड जाऊ द्या. दर फेरीत हे ग्रहण दीड-दोन दिवस चालतं. थेट येणारे क्ष-किरण तुटतात, तरी थोडे येतच राहतात, कारण भोवतालचा वारा ते विखरून आपल्याकडे वळवतो. अशा ग्रहणात चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने निऑन, मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोह यांच्या वर्णपटातल्या रेषा टिपल्या. काही रेषा जवळपास सगळे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूंच्या, काही बहुतेक इलेक्ट्रॉन शाबूत असलेल्यांच्या. पहिल्या विरळ वाऱ्यातून आलेल्या, दुसऱ्या दाट गुठळ्यांतून.